गाडीवरचे तीन टाक

२४ मार्च

सांगलीहून सकाळच्या पॅसेंजरनं निघालो आणि साडेदहाला रहिमतपूर स्टेशनवर उतरलो. न्यायला राजवर्धन स्वतः जीप घेऊन आला होता. चाळिशीचा गडी, फौजेतून कॅप्टन होऊन परतलेला, आता ऊस आणि रोपवाटिका बघतो. त्यानं माझी पिशवी काढून घेतली आणि वाकून नमस्कार केला. मास्तरकी सोडून सोळा वर्षं झाली, तरी नमस्कार झाला की पाठ आपोआप ताठ होते.

बंगला गावाबाहेर मळ्यात. चहूबाजूंनी ऊस, मधून मुरमाचा रस्ता. मला शेडलगतची खोली दिली आहे. खिडकीत कडुलिंब, तोही फुललेला. लहानपणी सगळ्या कविता मी अशाच एका खिडकीत बसून पाठ केल्या, त्यामुळे जागा बघताक्षणी आपलीशी वाटली.

काम असं. राजवर्धनचे आजोबा, कै. मानसिंगराव, यांची जुनी मोटार पन्नास वर्षं या शेडमध्ये पडून होती. राजवर्धनच्या धाकट्या बहिणीचं, प्रियदर्शनीचं, लग्न अक्षय्य तृतीयेला आहे आणि सासरी जायचं ते आजोबांच्या गाडीतूनच, असा तिचा हट्ट. इंजिन, पत्रा, रंग हे नानासो मिस्त्री बघतो. अंगावरचे दागिने माझ्याकडे: बॉनेटवरचं चिन्ह, डिकीवरचं नाव, दारांच्या मुठी, जाळी, चाकांच्या टोप्या. शाळेत मराठीबरोबर कार्यानुभवाचा तासही माझ्याकडे असायचा. निवृत्तीनंतर पितळी नावपाट्या करता करता हा नाद लागला. जुन्या गाड्यांचे सांगली-मिरजेतले हौशी लोक आता मलाच शोधत येतात.

शेडचं दार सरकवलं आणि नंबरपाटी पाहून मी जागीच थांबलो.

हीच ती. चौऱ्याहत्तर सालची अक्षय्य तृतीया. वडिलांची नोकरी तेव्हा रहिमतपुरात होती, आणि त्यांच्या शब्दाखातर मानसिंगरावांनी आपली मोटार माझ्या वरातीला दिली होती. दिली म्हणजे स्वतः चालवली. पुसेसावळीहून संध्याकाळी निघालो. मागच्या सीटवर मी आणि हौसा, कपाळावर मुंडावळ्या, पुढं मानसिंगराव. उतारावर लागोपाठ दोन-तीन हिसके बसले. मानसिंगराव उतरून मागं गेले, थोड्या वेळानं परत आले, फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, मेंढरं आडवी आली. हौसा मागच्या काचेतून बघत राहिली होती. नवी नवरी घाबरली म्हणून तिला हसवायला मी तिथल्या तिथं दोन ओळी म्हटल्या,

उभ्या ऊस-रानी अशी सांज लागे,
चला दूर जाऊ, नको पाहु मागे.

अस्सल भुजंगप्रयात. आयुष्यात पुष्कळ जुळवाजुळव केली, पण न बोलावता आलेली कविता एवढीच.

हौसाला जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवसानंतर ती कधी मोटारीत बसली नाही. गाडी लागते म्हणायची. राजवर्धनला माझी एकच अट सांगितली: काम झालं की वरातीआधी मला एक फेरी मारू द्यायची, मागच्या सीटवर बसून. तो हसून हो म्हणाला.

२६ मार्च

नानासो पन्नाशीचा आहे. त्याच्या तोंडात कायम तंबाखू, आणि बाहेर पडते ती थट्टा. मी फुंकर मारून धूळ उडवतो तर म्हणाला, 'आवं गुरुजी, गाडी हाय ती, च्या न्हवं.'

गाडीच्या मागच्या दारांच्या आतल्या मुठी आणि काच खालीवर करायच्या किल्ल्या गंजून तुटल्या आहेत. त्या मुंबईहून यायच्या आहेत. तोवर मागचं दार फक्त बाहेरून उघडतं आणि काचा वर अडकलेल्या. नानासोचं म्हणणं, बरंच आहे की, नवरी पळून जायची भीती नाही. प्रियदर्शनीनं हातातलं फडकं त्याच्या पाठीवर हाणलं. लाघवी पोर आहे. मला येता-जाता कविता म्हणायला लावते आणि मन लावून ऐकते.

राजवर्धननं बाजारातून नकला मागवून ठेवल्या होत्या. चकचकीत आहेत, पण खिळे भोकांवर बसत नाहीत. दोन सूत इकडं, एक सूत तिकडं. ठोकून बसतील असं नानासो म्हणतो. मी नाही म्हटलं. कवितेत एक अक्षर बदललं की वृत्तभंग होतो, मग ती ओळ कितीही नटवा, लंगडीच चालते. वर्गात पोरांच्या तोंडून मी कधी चुकीचा शब्द खपवून घेतला नाही.

गाडीचं नाव मी इथं मुद्दामच लिहीत नाही. आज तिच्या अंगावर नाव नाही. बसेल तेव्हा लिहीन.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून झाल्यावर राजवर्धननं आजोबांची ट्रंक उघडली. गाडीच्या कागदांत मानसिंगरावांच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली: 'नाव, कवठे महांकाळ, धोंडुबाईचे सासर. पुढचे चिन्ह व एका चाकाची टोपी, माण, रंगुबाई मेंढके. परत मागू नये.'

म्हणजे मूळचे भाग आहेत. हरवलेले नाहीत, कुणाकुणाला दिलेले आहेत. मला तर एखाद्या कवितेचं फाटलेलं पान सापडावं तसा आनंद झाला. दिलेलं परत मागू नये ही जुन्या माणसांची रीत मलाही ठाऊक आहे. पण आपण मागणार नाही, बदल्यात दुसरं देणार. राजवर्धनलाही पटलं.

२ एप्रिल

कवठे महांकाळ. ऊन मी म्हणत होतं. धोंडुबाईचं सासर म्हणजे आता तानाजीचं घर. तो दुधाचा टेम्पो चालवतो. धोंडुबाई त्याची चुलत आजी, तरुणपणीच गेली, एवढंच त्याला माहीत.

नाव देव्हाऱ्यात होतं. चांदीच्या टाकांच्या रांगेत, हळदीकुंकवानं माखलेलं. घरातलं माणूस गेलं, त्यातून अपघाती गेलं, की त्याचा ठसा उठवलेला छोटा पत्रा देवात बसवायची आपल्याकडं रीत आहे. आमच्या घरीही दोन टाक आहेत. पण मोटारीच्या नावाचा टाक मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. तानाजी हसत होता. 'आख्ख्या तालुक्यात इंग्रजी टाक आमचाच असंल बघा. धोंडुआजी शिकल्याली व्हती म्हनून सांगतो पावण्यांना.'

मी त्याला म्हटलं, हे लोखंडावरचं निकल आहे, मी तुझ्या आजीचा खराखुरा चांदीचा टाक घडवून आणलाय, बाईचा ठसा असलेला. ते नाव आजीचा टाक म्हणून देवात आहे हे तानाजीनं आधी फोनवर सांगितलं होतं, म्हणून सांगलीच्या सराफाकडून कालच करून घेतला होता. तो लगेच तयार झाला. चांदी मिळत असताना लोखंड कोण ठेवील? त्याची आई मात्र आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

नाव रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. एसटीत रुमाल ओलसर वाटत होता. हळद ओली असेल.

४ एप्रिल

कुंकू निघायला दोन दिवस लागले. चिंच, मग राखुंडी, मग मऊ चामडं. खालून निकल असं काही उजळलं की नानासोही थट्टा विसरला. डिकीवर धरलं मात्र, तिन्ही खिळे आपापल्या भोकांत गेले. हातोडी लागली नाही. ठोकायचं राहो, मी दाबलंसुद्धा नाही.

दुपारी शेडमध्ये ओल्या लोकरीचा वास येत होता. पावसात भिजलेल्या घोंगडीला येतो तसा. पाऊस नाही, घोंगडी नाही. नानासो म्हणाला, आसपास मेंढरं बसली असतील. मी बाहेर जाऊन पाहिलं. सगळीकडं ऊस होता.

नाव बसलं, पण इथं लिहायचं आज राहू दे.

९ एप्रिल

माणदेश. दहिवडीच्या पुढं एका वाडीवर रंगुबाई भेटली. ऐंशीच्या घरातली, वाळलेल्या शेंगेसारखी, डोळे मात्र तीक्ष्ण. मेंढरं आता थोडीच आहेत. नातू मुंबईला, नातसून सोनम जवळ असते.

देव्हाऱ्यात दोन्ही वस्तू होत्या. बॉनेटवरचं चिन्ह तिच्या नवऱ्याचा, सिद्धूचा टाक. चाकाची टोपी सासूचा, बनुबाईचा. धोंडुबाई ही सिद्धूची बहीण. तिघंही एकाच दिवशी रस्त्यावर गेली, एवढंच तिनं सांगितलं. मेंढरांमागं हिंडणारी माणसं, डोक्यावर आढं नसताना गेली, त्यांना बसायला जागा पाहिजे. मग जिनं नेलं तिच्याच अंगावरचं काढून घ्यायचं आणि त्यात त्यांना बसवायचं. तिच्या घरची ही रीत.

चांदीचे टाक देतो म्हटलं. तिनं मान हलवली. 'बसल्याली मानसं हायती ती. उठवू नगंस.'

मग विचारलं, तुमी कुठलं म्हनायचं. मी सांगली सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. वर्गात एखादं पोर उत्तर ठाऊक असून सांगत नाही, तेव्हा मी जसा बघायचो, तशी. मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो.

१२ एप्रिल

हे लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशीत खोटं लिहायचं तर रोजनिशी कशाला?

आज पुन्हा गेलो. रंगुबाई मेंढरांमागं गेली होती. सोनमला म्हटलं, देवाला नमस्कार करून जातो. ती बिचारी चहा टाकायला चुलीकडं वळली. दोन्ही मूळच्या वस्तू मी पिशवीत टाकल्या आणि बाजारातल्या दोन नकला तिथं मांडल्या. वरून करंड्यातलं कुंकू फासलं. साऱ्या आयुष्यात एका पोराची पेन्सिलसुद्धा मी घरी आणली नव्हती.

प्रियदर्शनीसाठी केलं, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. खरं तर फेरीसाठी केलं. एक संध्याकाळ, होती तशी पुन्हा पाहायची होती. अक्षरनअक्षर.

१३ एप्रिल

दोन्ही बसले. चिन्ह बॉनेटवर, टोपी मागच्या डाव्या चाकाला. हात लावायची खोटी.

मागच्या सीटला नवं रेक्झिन कालच चढवलं आहे. त्यावर तीन खळगे पडलेत, एकाशेजारी एक. माणूस बसून उठतो तेव्हा खळगा हळूहळू भरून येतो. हे भरत नाहीत. हातानं सारखे केले. चहा पिऊन आलो, तर पुन्हा तीन.

१७ एप्रिल

प्रियदर्शनी आज मागच्या सीटवर बसून बघत होती. उतरली ती कपाळाला आठ्या घालून. म्हणाली, 'गुरुजी, एवढी मोठी गाडी, आणि आत चेपून बसल्यासारखं का होतं हो?' तिच्या पांढऱ्या ओढणीला काळी लोकर चिकटली होती. नानासो म्हणाला, सासरची सवय आत्तापासूनच. ती हसली नाही.

दुपारी तानाजीचा फोन. चांदीचा टाक रोज सकाळी पालथा पडलेला असतो. उताणा केला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथा. आईनं अन्न सोडलंय. 'आजीचं नाव परत द्या गुरुजी, चांदी घिऊन जावा.'

उद्या देतो म्हटलं. डिकीजवळ गेलो. खिळ्यांच्या चक्क्या, म्हणजे नट, आतून काढायला पाना लावला. चक्क्या नाहीत. खिळाही नाही. पत्रा आणि नाव यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट नाही. एकाच ओतातून निघाल्यासारखं.

२० एप्रिल

आज माझी फेरी झाली.

भर दुपारी. नानासो चालवत होता. तो म्हणाला, मागची दारं आतून उघडत नाहीत, पुढंच बसा गुरुजी, आणि हँडब्रेकवर माझा भरवसा नाही म्हणून सावकाश घेतो. म्हणून पुढं बसलो. बरं झालं.

आरशात दिसली. तिघं. म्हातारी, पागोटंवाला, आणि मध्ये एक तरुण बाई. आमच्याकडं बघत नव्हती ती. तिघांच्याही माना वळलेल्या, मागच्या काचेकडं. मला फक्त तीन माना दिसत होत्या. नानासो गाणं गुणगुणत होता.

हौसा त्या दिवशी अशीच बसली होती. मान वळवून.

२२ एप्रिल

छिन्नी लावली. छिन्नीची धार गेली. करवत लावली. पात्यातून आवाज आला तो पत्र्याचा नव्हता. मी थांबलो.

काल एक गोष्ट आठवली, ती आता जात नाही. हौसा दर अक्षय्य तृतीयेला पाण्यानं भरलेले मातीचे करे ठेवायची. सासू-सासऱ्यांच्या नावाचे देवापुढं, जगरीतच ती. पण उंबऱ्याबाहेर आणखी तीन छोटे करे असायचे. पन्नास वर्षं. कुणाचे, विचारलं की म्हणायची, वाटेवरच्यांचे. मी म्हणायचो, व्वा, काय शब्द आहे.

दोन वर्षं झाली. ते कुणी भरले नाहीत.

२५ एप्रिल

रंगुबाईकडं गेलो. ती दारातच बसली होती. नकला अंगणात पडल्या होत्या, वर कोंबड्या बसलेल्या.

शिवी दिली नाही. सरळ सांगितलं. कृष्णेकडं मेंढरं न्यायची होती. ही मागं घोड्याजवळ होती, ती तिघं पुढं. उतारावर मोटार आली. गाडी थांबली, एक माणूस उतरला, बघितलं, परत चढला. 'लगनाची गाडी व्हती. नवरी मागं वळून माज्याकडं बघत व्हती, गाडी दिसंनाशी हुस्तवर. नवऱ्यानं न्हाई बघितलं. तो कायतरी गात व्हता.'

तिसऱ्या दिवशी मानसिंगराव पायी आले आणि तिच्यापुढं बसले. तिनं काही मागितलं नाही. तीन वस्तू काढून घेतल्या. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची नाही, एवढा शब्द घेतला.

मग म्हणाली, 'तुमाला बघितल्याबरूबर वळखलं व्हतं, आवं. मुंडावळ्या नव्हत्या एवढंच.'

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले.

उपाय एकच. वस्तू आता निघणार नाहीत, तेव्हा गाडीच तिच्या उंबऱ्याशी आणायची. तृतीयेलाच, त्यांच्या दिवशी. सूर्य बुडायच्या आत. आणायची ती मीच, दुसऱ्या कुणी नाही. 'बोलतील. रडतील. नावानं हाका मारतील. चाकाला हात लावला की मागं बघू नगंस, आरशात सुदिक न्हाई. बघितलंस तर तितंच उतरत्याल, मग त्यास्नी घर न्हाई आन तुला वाट न्हाई.'

२८ एप्रिल

राजवर्धनला सगळं सांगितलं. उन्हाचा त्रास झालाय म्हणाला. डॉक्टर बोलावला. चांगला मुलगा आहे. चांगुलपणानं ऐकत नाही.

तृतीयेला ती पोर त्या तिघांच्या मांडीवर बसणार. सासरची वाट पुसेसावळीवरूनच जाते. उतार तोच. रस्ता तोच.

दारांच्या मुठी मुंबईहून आल्याच नाहीत. प्रियदर्शनी म्हणते काही बिघडत नाही, बाहेरून उघडेल कुणीतरी.

२९ एप्रिल

तीन करे आणले कुंभाराकडून. गाडी मला चालवता येते, शाळेची जीप चालवायचो. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगाला ती फुलं लावून उभी असेल. किल्ली गाडीतच ठेवतात. जेवणावळी चालू असताना न्यायची.

राजवर्धनसाठी चिठ्ठी लिहून खोलीत ठेवली. नवरीला दुसऱ्या गाडीतून पाठवा. एवढंच.

हौसा बघते आहे, असं वाटतं. पहिल्यांदाच बरं वाटलं.

३० एप्रिल

अडीच. कार्यालयाची मागची बाजू. सनई, भांड्यांचे आवाज. अक्षता पडल्या. फोटोवाले येरझाऱ्या घालतायत, आता पुढं गेले. करे पिशवीत, भरलेले. खाली मान घालूनच जाणार. आरसा आधी हातानं फिरवीन, मग स्टिअरिंगच्या चाकाला हात.

साडेतीन. निघालो. बाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. मुंजाबाच्या पाराशी दोन मिनिटं थांबून लिहितो आहे. करे शेजारच्या सीटवर. पाणी सांडत नाही.

मागं आहेत. दार उघडलं तेव्हाच श्वास ऐकू आला. पुढं आल्यावर बोलली, तरुण आवाज. धोंडुबाई असणार. गुरुजी, कुठं निघालो, म्हणाली, हसत.

माझं नाव त्यांना ठाऊक असणारच. महिनाभर शेडमध्ये ऐकलंय.

चार. पुन्हा कडेला थांबलो. हाका मारते आहे. सीटवर मागून मारते आहे. बांगड्यांचा आवाज. काचेवर हात. गुरुजी थांबा, गुरुजी काय करताय. मी कविता म्हणतो आहे मोठ्यानं. पाचवीची, सहावीची, येईल ती. रंगुबाईनं सांगितलं होतं, रडतील.

खांद्याला हात लागला. गरम होता. त्यांचा हात गरम असतो हे—

मी बघितलं नाही.

साडेचार. चढ. पुसेसावळीच्या अलीकडचा. तोच, उलट्या बाजूनं. इंजिन तापलं, वाफ. गाडी थांबली. हँडब्रेक ओढला आहे. थंड झालं की निघायचं. सूर्य वर आहे अजून. पोचू.

मागं आता नुसते हुंदके. 'आई, आई' म्हणते आहे. धोंडुबाई आईशेजारीच तर बसली आहे, मग आई कुणाला—

खिशात फोन वाजतोय. मघापासून. अकरा वेळा राजवर्धन. खाली निरोप आहे.

'गुरुजी फोन उचला. प्रिया मागच्या सीटवर आहे. फोटोसाठी बसवली होती. घाबरू नका, गाडी थांबवा, आम्ही निघालोय.'

तीनदा वाचला.

हे तेच करत असतील. फोनसुद्धा. रंगुबाई म्हणाली होती, बोलतील.

किंवा—

प्रियदर्शनी, असं मी म्हटलं. पुढं बघूनच. मागचं रडणं थांबलं. हो म्हणाली. मग म्हणाली, गुरुजी, माझ्याकडं बघा ना. तिघांतून आल्यासारखं आलं. की एकटीच्याच गळ्यातून, माझे कान—

बघितलं आणि ती असली, तर ती तिघं इथं उतरतील. तिच्यासकट. नाही बघितलं आणि ती असली—

उतरून दार उघडायचं तर मागंच जायचं. बाहेरूनच उघडतं ते. बघितल्याशिवाय कसं—

घंटा. गळ्यातल्या. मेंढरांच्या. मागून, चढावरून येतायत. पुष्कळ. सोबत माणसं बोलतायत. खरी आहेत, धूळ पुढं येते आहे, काचेवर.

एक करा कलंडला. सरळ उभा होता मघाशी.

झाड पुढं सरकलं. झाड नाही. गाडी. मागं. ब्रेक दाबतो आहे, पाय तळाशी गेला, काही नाही, पुन्हा—

घंटा जवळ. कुणी बाई ओरडते आहे खालून. मागच्या सीटवरून पण. दोघी. बघायला पाहिजे, चाक वळवायचं तर मागं बघायलाच—

नको पाहु— मीच म्हटलं होतं ते—

हौसा, मी मा